सिएनातलं पित्र

आधीच सांगतो, माझ्याकडून इटलीचं कौतुक ऐकायला मिळणार नाही. चर्च, मनोरे, चित्रं यांचं ऐकायचं असेल तर आमच्या नासिर सरांना गाठा. त्यांच्या कॅमेऱ्यात चारशे फोटो आहेत आणि ते एकेक करून दाखवतात. मी सिएना नावाच्या त्या जुन्या शहरात तीन दिवस राहिलो आणि येताना फक्त लाज घेऊन आलो. ती कुठंतरी उतरवून ठेवावी म्हणून बोलतोय. मधे कुणी बोलू नका. मास्तर माणूस आहे, मधे बोललेलं मला खपत नाही.

मी भागवत सर. लातुरात माझा फिजिक्सचा क्लास आहे. दोन हजार बारा साली आमच्याकडं तीन पाळ्यांत नऊशे पोरं होती. शहरात शिरताना माझा फलक दिसायचा. हाताची घडी, कपाळाला आठी आणि खाली मोठ्या अक्षरात 'मलब्यातून उठलेला मास्तर'. दर जूनमध्ये पहिल्या दिवशी मी फळ्याला खडू लावत नसे. पंखे बंद करायचो आणि गोष्ट सांगायचो. त्र्याण्णवचा भूकंप. रात्री गणपती बुडवून गाव गाढ झोपलेलं, पहाटे चारला जमीन हलली. किल्लारीच्या पट्ट्यातलं एक गाव, एवढंच सांगायचो, नाव नाही. मी अकरा तास दगडमातीखाली, माझ्या हातात माझ्या पाच वर्षांच्या भाचीचा हात. ती म्हणते, मामा पाणी. मी म्हणतो, देतो बाळा. मग तो हात हळूहळू गार पडतो. इथं मी थांबायचो. पोरी हुंदके द्यायच्या, बापलोक रुमाल काढायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रवेशाची रांग रस्त्यावर यायची.

त्या गोष्टीतलं बहुतेक सगळं खरं आहे. अकरा तास खरे, दगड खरे, पोरीचा हात खरा. फक्त मी तिथं नव्हतो. मी लातुरात होतो, भाड्याच्या खोलीवर, बारावीला. मलब्याखाली होती माझी थोरली बहीण तारामती, आमची अक्का. हात तिच्या हातात होता आणि पोर तिची होती. रुद्राणी.

आमचे आई-बाप लवकर गेले. अक्कानं मला लग्नात आंदण घेतल्यासारखं सासरी नेलं आणि वाढवलं. त्या पहाटे तिचे मालक, आमचे शेषेराव दाजी, पण गेले. त्या साली दिवाळीत पत्र्याच्या शेडमध्ये बसून तिनं मला ते अकरा तास एकदाच सांगितले, ते पण अर्धेमुर्धे. पुन्हा तिनं पोरीचं नाव काढलं नाही. पुढं मी तिला लातूरला आणलं. आमच्या मुलींच्या होस्टेलचा स्वयंपाक ती बघते. माझं घर तीन मजली, सगळं स्लॅबचं, पण अक्का गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत झोपते. थंडी असो, पाऊस असो. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, तिला मोकळी हवा लागते.

खोटं काही मी एकदम बोललो नाही. क्लास नवा होता, अकरा पोरं, त्यातली चार पळायच्या बेतात. मी त्यांना एका बाईची गोष्ट म्हणून हे सांगितलं. पोरं खिडकीबाहेर बघत होती. पुढच्या साली तीच गोष्ट सांगताना तोंडातून 'मी' निघालं आणि वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल असं झालं. एकदा जिभेला गूळ लागला की सुटतो का? अक्काला कधी वर्गाकडं फिरकू दिलं नाही आणि होस्टेलच्या पोरींना ताकीद होती, तिच्यापुढं भूकंपाचा विषय काढायचा नाही. हे तेरा वर्षं चाललं.

आता इटली. एका पुस्तकवाल्या प्रकाशकानं लातूर-नांदेडच्या दहा मास्तरांची सहल काढली, प्रत्येकाला घरचं एक माणूस सोबत नेता येत होतं. पण माझी मुलगी त्या साली दहावीला होती. दहावीची पोर घरात असताना आई परदेशी गेली, तर लातुरात तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावणार नाही. बायको म्हणाली, "अक्कांना न्या. त्यांनी औशाच्या पलीकडं काय पाहिलंय?" मला खरं तर नको होतं. पण नाही कसं म्हणणार? अक्कानं पंचांग काढून बघितलं आणि म्हणाली, "तीस तारखेला पौर्णिमेचं पित्र हाय, भागू. औंदा तिथी अन् तारीख एकाच दिशी आली." मी म्हणालो, "तिथं कुठलं पित्र घालतीस? वापस आल्यावर सर्वपित्रीला घाल." तिनं पिशवीत दशम्या, गूळ आणि शेंगा मात्र भरल्या.

सिएनात आमची बस वेशीबाहेर थांबली, आत गाड्यांना बंदी. चिंचोळ्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना चार-चार मजली दगडविटांची घरं, सहाशे-सातशे वर्षांची. बाकीचे 'वा, वा' करत चालले होते. अक्का मात्र गल्लीच्या बरोबर मधोमध चालत होती, मान वर करून. एका भिंतीजवळ थांबली, सांध्यात नख घालून बघितलं आणि मला विचारलं, "भागू, हे मातीत बांधलंय का चुन्यात?"

"मला काय माहीत?"

"इचार की त्या पोराला."

तो पोरगा म्हणजे आमचा वाटाड्या. त्याला मी काय विचारणार? पुढं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं चर्च आलं. अक्का आत येईना. मनोऱ्यावर चढायचं तर प्रश्नच नाही. हॉटेल म्हणजे एक जुनं दगडी घर, तिसऱ्या मजल्यावर खोल्या, वर लाकडी तुळया. दारात पाऊल अडवून अक्का उभी राहिली. मागं सामान घेऊन अख्खी मंडळी खोळंबली. प्रकाशकाची बायको नाक मुरडून हसली. माझं डोकं फिरलं.

"चल की आत! लोकं बघायलेत. गावंढळपणा करू नकोस इथं."

ती माझ्याकडं बघून आत आली. गुमान जिना चढली. तेव्हा मला तिची लाज वाटत होती हो. माझी नव्हे, तिची. ज्या बाईनं स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून मला शिकवलं, तिची.

तिच्या खोलीत सोबतीला पुनम होती. पुनम म्हणजे आमच्याच क्लासची बायोलॉजीची मॅडम, मुखेडकडची. दोन हजार तीनच्या बॅचला माझी विद्यार्थिनी. एकदा नापास होऊन गावी निघाली होती, बसस्टँडवरून परत आली ती आजतागायत. माझा शब्द म्हणजे तिला ब्रह्मवाक्य. माझ्या खोलीत नासिर सर, नांदेडचे, केमिस्ट्रीचे. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या घड्याळं दुरुस्त करायचं दुकान, त्यामुळं माणूस कमी बोलणारा आणि बारीक बघणारा.

सकाळी नाश्त्याला बसलो तर हॉटेलची बाई तणतणत आली. तुमची एक म्हातारी अंगणातल्या बाकावर झोपली होती, पहाटे आमच्या माणसाला भीती वाटली. पुनमचे डोळे लाल झाले होते. "सर, अक्का वर झोपल्याच नाहीत. उशी घेऊन खाली गेल्या. म्हणाल्या, ह्या घराखाली डोळा लागत न्हाई."

"उकडतं तिला," मी म्हणालो.

"उकडत होतं? मी तर गोधडी घेतली होती."

नासिर सर पाव मोडत म्हणाले, "आमचे सर मात्र ढाराढूर. घोरून घोरून खिडकीच्या काचा हलून राहिल्या होत्या." सगळे हसले, मी पण हसलो. नासिर सर हसले नाहीत. माझ्याकडं बघत त्यांनी पावाला लोणी लावलं आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं, ह्या माणसाला काहीतरी कळलंय.

सिएनाच्या मधोमध एक मोठा चौक आहे, शिंपल्यासारखा उतरता, विटांचा. लोक तिथं चक्क जमिनीवर बसतात, लोळतात. अक्काला ते खळ्यासारखं वाटलं असावं. तिथं ती पहिल्यांदा मोकळी झाली, पाय पसरून बसली. पुनम म्हणाली, मी थांबते अक्कांजवळ. आम्ही बाकीचे नगरपालिकेच्या वाड्यातली चित्रं बघायला गेलो. तासाभरानं मी तिघांसाठी आइस्क्रीम घेऊन आलो. दोघी पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि पुनम बोलत होती.

"...आणि सर सांगतात, तिचा हात सरांच्या हातात होता. ती म्हणायची, मामा पाणी. अक्का, खरं सांगू? मी अजून झोपताना उशाला तांब्या भरून ठेवते. मला पाणी लागतं म्हणून नव्हे. त्या पोरीसाठी. आईला पण कधी सांगितलं नाही मी हे. बसस्टँडवरून मी परत आले ती त्या पोरीमुळं. तुमचे भाऊ लई मोठे आहेत हो."

मी तिथंच थिजलो. धरणीनं पोटात घ्यावं असं म्हणतात ना, आमच्या भागात ही म्हण कुणी वापरत नाही. पण दुसरा शब्द मला सापडत नाही. अक्काची पाठ तेवढी दिसत होती. ती हलली नाही. आइस्क्रीम माझ्या मनगटावरून बाहीत उतरलं.

मग अक्का म्हणाली, "हाव, पोरी. लई सोसलं त्यानं."

एवढंच. मला आधी काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. देवाशपथ, पहिलं तेच वाटलं. अक्कानं मला झाकलं होतं. आणि मग तिनं मागं वळून बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या बाहीकडं बघून म्हणाली, "सांडायलंय बघ."

त्या दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही आणि मी तिच्या जवळ गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी तीस तारीख. आम्हाला शहराबाहेर द्राक्षांच्या मळ्यात नेलं. टेकड्याच टेकड्या, त्यावर वेलींच्या ओळी आणि ऐन तोडणीचे दिवस. काळीभोर, बारीक, बियांची द्राक्षं, त्यांची वाइन करतात. मळ्याचा मालक सत्तरीचा म्हातारा, अंगात मळका सदरा. अक्काला बघून त्यानं हातात कात्री दिली आणि अक्का लागली की कामाला! घड खालून धरायचा, देठ कापायचा, पाटीत अलगद ठेवायचा. म्हाताऱ्यानं शाबासकीची मान हलवली. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता आणि दोघं अर्धा तास बोलत होते.

मग म्हाताऱ्यानं सगळ्यांना तळघरात बोलावलं, वाइन चाखायला. घराखाली खोल कोरलेलं, चारशे वर्षांचं, दगडी कमानीचं. दार एवढुसं, उतरायला पायऱ्या आणि आत अंधार. अक्कानं लांबूनच हात जोडले. नासिर सर म्हणाले, "आपलं काय काम तिथं? मी थांबतो अक्कांबरोबर."

मी उतरलो. भराभर उतरलो, कारण वर अक्कासमोर थांबायची मला हिंमत नव्हती. आत गारठा, पिंपांच्या रांगा, मातीचा ओला वास. डोक्यावर हातभर अंतरावर दगड. वाटाड्यानं गंमत म्हणून क्षणभर दिवा बंद केला. बायका 'ई' करून किंचाळल्या. दिवा लागला तेव्हा पुनम माझ्यासमोर होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती.

"सर," ती हळू म्हणाली, "मला वाटलं तुम्ही वर थांबाल."

"का?"

"हे असं... दगड, अंधार. मला भूकंपाचं काही माहीत नाही तरी घाम फुटला. तुम्हाला काहीच झालं नाही."

"मनावर ताबा लागतो, पुनम. सरावानं येतो."

वर्गात बोलतो त्याच आवाजात बोललो मी. मी ग्लास तोंडाला लावला.

"अक्का गच्चीवर का झोपतात, सर?"

खरं तर तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नऊशे पोरांपुढं पाऊण तास अडखळत नाही तो माणूस एका पोरीपुढं दोन शब्द बोलू शकला नाही. "ते... मोकळी हवा..." एवढं पुटपुटलो. पुनम म्हणाली, "हो सर." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडं न बघता निघून गेली. मी पिंपाला टेकून उभा राहिलो. मग पायऱ्या चढून वर आलो, जायला दुसरी जागाच नव्हती.

वर एका मोठ्या झाडाखाली म्हाताऱ्यानं जेवणाचं टेबल मांडलं होतं. पण अक्का टेबलावर नव्हती. तिनं गवतावर आपला टॉवेल अंथरला होता, त्यावर एक पान. दशमी, गूळ, शेंगा, म्हाताऱ्याकडचा पाव, टोमॅटो आणि स्वतः तोडलेला द्राक्षाचा घड. पानापुढं नासिर सर मांडी घालून बसले होते, डोक्याला रुमाल बांधून. पुनम बाजूला उभी होती.

आमच्या गावचं एक सांगायला पाहिजे. पित्राला कुणालातरी जेवायला बोलवावं लागतं. पण आमचं सगळं गाव एका पहाटे गेलं, म्हणून सगळ्यांची तिथी एकच. पौर्णिमेला घरोघरी पानं वाढलेली आणि जेवायला गावात माणूस नाही, कारण ज्याच्या-त्याच्या घरी पित्र. मग बाजूच्या गावांतून पाहुणे आणायचे. एकेक पाहुणा सहा-सहा घरी बसतो, दोन घास खातो आणि उठतो. आमच्या माणसांना पोटभर जेवलेला पाहुणा कधी मिळालाच नाही.

अक्कानं नासिर सरांना विचारलं होतं, "नासिरभाऊ, तुमच्या घरी आज पित्र न्हाई ना?" ते म्हणाले, "न्हाई अक्का, आमच्यात नसतंच." अक्का म्हणाली, "मग लई बेस झालं. बसा."

नासिर सर बसले होते आणि खरंच पोटभर जेवत होते. अक्कानं एक घास उचलून दगडावर ठेवला. म्हाताऱ्याच्या मळ्यात कावळे होते, पण अर्धे करडे, अर्धे काळे. अक्कानं एकाकडं निरखून बघितलं. "रंग उडालाय बिचाऱ्याचा," ती म्हणाली. "चालंल."

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भागू, पाण्याचं कुणी सांगितलं तुला?"

तिनं दगडावरचा घास जरा पुढं सरकवला.

"मी तर सांगितलं नव्हतं. ती पाणी मागत नव्हती."

पुनमनं अक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिनं तोंडावर हात धरला. आता झाकायला काही उरलं नव्हतं.

"पाणी मी घातलं," मी म्हणालो. "पुनम, मी तिथं नव्हतो. मी कधीच मलब्याखाली नव्हतो. ती अक्का होती. हात अक्काच्या हातात होता."

"मला खालीच कळलं होतं, सर," पुनम म्हणाली. "पण पाणी पण? मी नऊ वर्षं तांब्या भरून ठेवते. ते पण तुमचंच?"

"हाव."

"असं कसं केलंत हो?"

आणि मग, आता तोंड काळं झालंच आहे तर सगळंच होऊ द्या म्हणून, जे बायकोला पण सांगितलं नव्हतं ते बोललो. "मी विसर्जनाला गावी येणार होतो. रुद्राणीला कबूल केलं होतं, फुगा आणतो म्हणून. पण दुसऱ्या दिवशी पेपर होता, म्हणून थांबलो. पहाटे लातूर हललं, आम्ही सगळे रस्त्यावर आलो. सात वाजता रेडिओवर सांगायला लागले. आमच्या सरांनी आठ वाजता मैदानात चटया टाकून पेपर घेतला आणि मी तो लिहिला, अक्का. मला वाटलं, सालभर छोटे धक्के बसतायत तिकडं, त्यातलाच एखादा असेल. मी पूर्ण पेपर लिहिला. ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर पडले. मग निघालो. पोहोचलो तवा तुला काढून तास झाला होता."

नासिर सरांनी घास खाली ठेवला. टेबलावरून बाकीच्या मंडळींच्या हसण्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता अक्का उठेल, दोन मुस्काटात देईल. दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते.

अक्का गूळ फोडत होती. "पेपरचं ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तुझ्या खोलीवरल्या पोरानं त्याच साली सांगितलं. लेकरू व्हतास. तवा काय कळतंय?"

"तुला माहीत होतं?"

"पुनम म्हणली तू पोरीची गोष्ट वर्गात सांगतोस, ते मला न्हवतं ठाऊक. ते वंगाळ केलंस. माझ्या पोरीचं नाव मी इतकी वर्सं तोंडात धरून ठिवलं अन् तू वाटत सुटलास." मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं, तेव्हाही ती रडली नाही. "पाणी न्हाई मागत ती. ती एकच इचारायची. मामा आला का? अंधारात तिला काय कळावं, तिला वाटलं सणाची रात हाय अजून. मामा आला का, मामा आला का. मी म्हणले, आला. म्हणली, मग आत का येईना? मी म्हणले, पायरीवर हाय बाई, चपला काढायलाय. दहा वाजंस्तोर तेच. चपला काढायलाय, आत्ता येतो. मग ती इचारायची थांबली."

पुनम मटकन गवतात बसली.

"म्हंजे खोटं आधी मीच बोलले, भागू," अक्का म्हणाली. "तू तिथं व्हतास, हे तिला मीच सांगितलं."

तिनं नासिर सरांच्या शेजारी टॉवेलाची घडी उलगडली, त्यावर दुसरं पान मांडलं. दशमी ठेवली, गुळाचा खडा ठेवला.

"जूनात पोरांपुढं उभा ऱ्हाशील तवा काय सांगायचं ते तुझं तू बघ," ती म्हणाली. "आता बूट काढ अन् बस. पोरगी थांबलीय."

मी खाली वाकलो. तळघरातल्या ओलीनं लेस भिजली होती, गाठ घट्ट बसली होती आणि माझ्या बोटांना ती काही केल्या सुटेना.